शनिवारपासून हवामान कोरडे

अक्का, तू गेलीस तेव्हा लाईट होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. लोक मान हलवतात, "हो का" म्हणतात आणि नंदाकडे बघतात. परवा नंदाने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि हळूच सांगितलं, सगळ्यांना असं सांगत बसू नका, त्यांना त्याचा अर्थ लागत नाही. बायकोचं बरोबरच आहे. तो आठवडा आपण दोघांनी त्या खोलीत कसा काढला हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कसा लागणार? म्हणून आता तुलाच सांगतोय. तुला लागेल.

तुझी फुफ्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून त्यातली जाळी दाखवली, तेव्हा मला घाम फुटला होता आणि तू मात्र चष्मा वर करून निरखत होतीस. "हा तर डोंगराळ मुलखाचा नकाशा दिसतोय," म्हणालीस. जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला दुसरं काय दिसणार! डॉक्टर हसले. मीही हसलो, आणि जिन्यात आल्यावर कठडा धरून उभा राहिलो.

मग ते मशीन घरात आलं. तुझ्या पलंगाशेजारी, लहान फ्रीजएवढं, रात्रंदिवस घरघरणारं. खोलीतली हवा आत ओढायची आणि त्यातला ऑक्सिजन नळीवाटे तुझ्या नाकाशी पोचवायचा. त्याला लागायची लाईट. लाईट गेली तर थोडा वेळ इन्व्हर्टर, आणि तोही दमला तर कोपऱ्यातला लोखंडी बाटला. मी कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलेला माणूस. तिथे आम्हाला एकच गोष्ट शिकवलेली: जिथे एक पंप चालू आहे, तिथे दुसरा राखीव हवा. मी तुझ्या खोलीत राखीवचाही राखीव करून ठेवला होता. दोन बाटले, दोन चाव्या, जास्तीची नळी, टॉर्च, टॉर्चचे सेल. तू म्हणायचीस, माझं घर म्हणजे तुझं स्टोअर झालंय. फुफ्फुसांना राखीव नव्हतं, एवढंच.

चैत्र लागला आणि मावठ्याची बातमी आली. तिकडे महाराष्ट्रात लोक अवकाळी म्हणतात, आपल्या बडोद्यात घरात मराठी बोलणारेही मावठंच म्हणतात. तू सकाळीच फोन केलास. आवाजात उत्साह होता. पश्चिमी विक्षोभ येतोय, म्हणालीस, आणि मला काही कळणार नाही हे गृहीत धरून समजावायला लागलीस. पार पश्चिमेकडच्या समुद्रांवरून थंड हवा वर वर वाहत येते, इथे खाली आपली जमीन तापलेली, दोघींची गाठ पडली की मग ढग, गडगडाट, गारा. बोलताना मध्ये मध्ये थांबून श्वास घेत होतीस, तरी थांबत नव्हतीस. मग मोबाइलवरचा अंदाज वाचून दाखवलास. सोमवारपासून आठवडाभर मध्य गुजरातेत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा.

मी त्यातलं फक्त 'वारा' ऐकलं. वारा म्हणजे फांदी, फांदी म्हणजे तार, तार म्हणजे लाईट.

"अक्का, आठवडाभर वासण्याला आमच्याकडे ये," मी म्हणालो. "आमच्या सोसायटीत जनरेटर आहे."

"आणि तो बंद पडला तर? लिफ्ट बंद. सातव्या मजल्यावरून मला खाली कोण उतरवणार? झाडाला अडकलेल्या पतंगासारखी लटकून राहीन मी."

इथे नागरवाड्यात तू पहिल्या मजल्यावर. समोरच्या खिडकीत हंसाबेन, हाक मारली की ओ देणाऱ्या. दवाखाना जवळ. भाऊजी गेल्यानंतरही तू हे घर सोडलं नाहीस ते काही उगीच नाही, हे मला पटत होतं. माझंही खोटं नव्हतं. दोघांचंही बरोबर असलं की भांडण मिटत नाही, आपलंही मिटलं नाही. शेवटी मीच पिशवी भरली आणि तुझ्याकडे राहायला आलो. नळी पुरेल तिथपर्यंत तू दारापाशी चालत आलीस. कडी हंसाबेननी काढली. "दोन्ही बाजूंनी हट्टी," तू त्यांना गुजरातीत म्हणालीस, "पण हा माझ्यापेक्षा लहान आहे म्हणून याने हार मानली."

तुला आठवतं का, आठवीत मी तुझ्या वर्गात होतो. घरी अक्का, शाळेत बाई. एकदा वारे शिकवताना तू विचारलंस, वारा का वाहतो, आणि मी हात वर करून म्हणालो, "अक्का, मी सांगू?" अख्खा वर्ग हसला. तू मला तास संपेपर्यंत उभं ठेवलंस. जिथे हवेचा दाब कमी असतो तिकडे वारा धावतो, हे उत्तर मी उभ्याउभ्याच ऐकलं. घरी आल्यावर आईच्या नकळत माझ्या ताटात श्रीखंड जास्त वाढलंस आणि वर म्हणालीस, वर्गात तुला सोडलं असतं तर बाकीच्यांना काय वाटलं असतं? ती शाळा बंद झाली. मराठीत शिकायला पोरंच येईनात. तुला त्याचं किती वाईट वाटलं होतं, ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही विचारलं नाही.

सोमवारी संध्याकाळी वारा सुटला. आधी धूळ आली. मी खिडकी लावून घेतली, तर तू ओरडलीस. ओरडलीस म्हणजे काय, तुला ओरडता येत नव्हतं, पलंगाच्या दांडीवर अंगठी आपटलीस. धूळ तुला चालणार नाही, मी म्हणालो. तू म्हणालीस, "मला वारा आत ओढता येत नाही, निदान बाहेरचा तरी बघू दे." मी काच लावून घेतली आणि पडदा मात्र बाजूला सारला. आपण काचेतून बघत बसलो. समोरच्या गच्चीवरची ओढणी तारेवरून सुटली आणि गल्लीच्या पार टोकाला गेली. तू ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिलीस. मी लाईटच्या बटणाकडे बघत होतो. लाईट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, थोड्या वेळाने लाईट आली.

मंगळवारी गारा पडल्या. तुला एक हवी होती. मी वाटी घेऊन गॅलरीत गेलो, डोक्यात दोन-चार खाल्ल्या आणि एक घेऊन आलो. तू ती तळहातावर विरघळेपर्यंत धरून ठेवलीस. किती उंचावरून आपल्याकडे आली बघ, म्हणालीस. त्या दिवशी तुझा चेहरा असा होता की मला वाटलं, आजार जरा मागे सरला असावा. मी नंदाला फोनवर तसं सांगितलंसुद्धा.

टीव्हीवर दर तासाला तेच सांगत होते. तुरळक ठिकाणी. त्यावरून आपण हसलो होतो. तू विचारलंस, "आपण तुरळक ठिकाण आहोत का रे?" मला पुढे त्या शब्दाचा राग यायला लागला. एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा अंदाज, आणि मला फक्त एका खोलीचं हवं होतं.

बुधवारी दुपारीच अंधारून आलं. कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि अख्ख्या गल्लीची लाईट गेली. तक्रारीच्या नंबरावर माणूस नीट बोलत होता, काम चालू आहे म्हणत होता, आणि चालू असणारच, त्या पावसात ते लोक खांबांवर चढले होते. पण संध्याकाळ होत आली तरी लाईट येईना. इन्व्हर्टरने मान टाकली. मी बाटला लावला. दुसरा बाटला आदल्या दिवशी भरायला दिलेला, आणि दुकानदार सांगत होता की त्याची गाडी करजणजवळ अडकलीय, हायवेवर झाडं पडलीत. माझा राखीवचा राखीव करजणला उभा होता.

दवाखान्यात जाऊ म्हणालो तर तू मान हलवलीस. हिवाळ्यात तिथे आयसीयूत राहून आली होतीस. पुन्हा त्या काचेच्या आत नको, असं तू मला आणि डॉक्टरांना तेव्हाच बजावलं होतंस. मी वाद घातला नाही. बाटल्याचा काटा खाली खाली येताना दिसत होता. हंसाबेनना तुझ्यापाशी बसवलं आणि रिक्षा करून बाहेर पडलो. पहिल्या दुकानाचं शटर बंद. दुसऱ्याकडे बाटला नव्हता. तिसऱ्याने दिला. येताना पाणी, पडलेल्या फांद्या, उलट्या वळवलेल्या गाड्या. रिक्षावाला बिचारा गल्लीबोळांतून काढत होता आणि मी मागे त्या बाटल्याला कवटाळून बसलो होतो, लहान मूल धरावं तसा.

परत आलो तेव्हा तू टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवी झाली होतीस. ओठ निळसर. हंसाबेन वर्तमानपत्राने वारा घालत होत्या आणि पुटपुटत देवाचं नाव घेत होत्या. मी चावी घेतली, बाटल्याला लावली, आणि ती काही केल्या फिरेना. आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडलेला माणूस मी. तेव्हा तू माझ्या मनगटावर हात ठेवलास.

"सावकाश," म्हणालीस. "उलटी फिरवतोयस."

खरंच उलटी फिरवत होतो.

त्यानंतर बऱ्याच वेळाने लाईट आली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं तेव्हा हंसाबेनना रडू आलं. तू त्यांना चहा टाकायला सांगितलंस. मी रात्रभर खुर्चीत बसून होतो. तसा सोमवारपासूनच बसून होतो. जरा डोळा लागला की मशीन बंद पडल्याचा भास व्हायचा आणि मी दचकून उठायचो. तू म्हणायचीस, आडवा हो, मी जागी आहे की. जागीच होतीस तू, म्हणून तर मला आडवं होता येत नव्हतं.

गुरुवारी फार काही झालं नाही, आणि तोच दिवस मला सगळ्यात जड गेला. ढग यायचे, गुरगुरायचे, निघून जायचे. मी सारखा मोबाइल बघत होतो. एकदा म्हणाले दुपारी येईल, मग म्हणाले रात्री, मग तो इशाराच काढून टाकला. माझं डोकं फिरलं. हे लोक एक काहीतरी नक्की का सांगत नाहीत, असं मी चिडून म्हणालो. तू शांतपणे म्हणालीस, "अंदाज म्हणजे कोणी दिलेला शब्द नाही रे."

"मग बघतेस कशाला रोज?"

"मला आवडतं म्हणून."

मी त्यावर काहीतरी तुटक बोललो. काय ते आठवत नाही. तुझं आवडणं आणि माझं घाबरणं एकाच ढगाकडे बघत होतं, आणि त्याबद्दल आपण नीट कधी बोललोच नाही. मला विचारायचं होतं, तुला भीती नाही वाटत का? विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस का कोण जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी तूच वाचून दाखवलंस. शनिवारपासून हवामान कोरडे. वाचून झाल्यावर मोबाइल पांघरुणावर ठेवलास. मला वाटलं, तुला जरा वाईटच वाटलं. मला मात्र हायसं वाटलं होतं आणि त्याच भरात मी पुन्हा विषय काढला. आता रस्ते मोकळे आहेत, रविवारी गाडी आणतो, चल वासण्याला. नंदा सगळं करते. कायमची नको, उन्हाळा सरेपर्यंत ये. मला वाटलं होतं, तू पुन्हा पतंगाचं सांगशील. तू माझ्या जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांकडे बघितलंस.

"बरं," म्हणालीस. "येते रविवारी."

अक्का, माझा विश्वासच बसेना. मी गॅलरीत जाऊन नंदाला फोन लावला. तिने लगेच कोपऱ्यातली खोली रिकामी करायला घेतली. पलंग कुठे लावायचा, मशीनसाठी वायर कुठून ओढायची, हे मी तिथूनच तिला सांगत होतो. आत आलो तर तू हंसाबेनशी बोलत होतीस. मी जेवलो. खाली अंथरूण घातलं आणि आडवा झालो.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. धुऊन काढल्यासारखं आकाश. मशीन चालू, पंखा चालू, दोन्ही बाटले भरून आलेले. तू चहा मागितलास आणि अर्धाच प्यायलीस. मग धाप लागली. नेहमीसारखीच असेल असं वाटलं. बोटाला लावायच्या मशीनवरचा आकडा खाली आला. मी ऑक्सिजन वाढवला. आणखी वाढवला. मशीन पूर्ण वाढवून वर बाटलाही लावला, या वेळी चावी पहिल्या झटक्यात फिरली. आकडा खालीच जात होता. जे जे तयार ठेवलं होतं ते सगळं चालत होतं आणि कशाचाही उपयोग होत नव्हता.

अॅम्ब्युलन्स बोलावली, लगेच आली. तू नको म्हणाली होतीस हे मला माहीत होतं. तरी बोलावली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. रस्त्यात एकही झाड आडवं नव्हतं. मी तुझा हात धरून सारखं एकच वाक्य बोलत होतो, "लाईट आहे, अक्का, लाईट आहे." गाडीतला मदतनीस माझ्याकडे बघत होता. तुझे डोळे माझ्यावर होते, तू ऐकत होतीस की नाही, ते मला कळलं नाही. दवाखान्याच्या दारात गाडी वळली तेव्हा तुझा हात सैल झाला.

डॉक्टर भले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. विजेशी याचा संबंध नाही, काका, असं ते म्हणाले. या आजारात असा एक दिवस येतो, झपाट्याने होतं. मी विचारलं, मी आणखी काय करायला हवं होतं? काहीच नाही, म्हणाले. लोक म्हणतात हे ऐकून बरं वाटायला हवं. मला अजून वाटलेलं नाही.

चांदोदला नर्मदेवर तुझे विधी केले. जाताना दोन्ही बाजूंना गहू आडवा झालेला. बायका भिजलेलं धान्य रस्त्याच्या कडेला पसरून उलथत होत्या. आकाशात एक ढग नव्हता. मला तुला विचारायचं होतं, आता हे ऊन किती दिवस टिकेल, यांचं वाळेल का. तुझ्याशिवाय मला कोणाला विचारता आलं नाही. गुरुजी नाव, गोत्र विचारत होते आणि मी भलतंच उत्तर देत होतो.

तुझे आभार कधी मानले नाहीत मी. श्रीखंडाचे, वर्गात उभं केल्याचे, आई गेल्यावर माझ्या लग्नात तिच्या जागी उभी राहिलीस त्याचे. आपल्यात ती रीत नव्हती. मानले असते तर तू म्हणाली असतीस, हे काय खूळ घेतलंस.

तेराव्यानंतर तुझ्या खोलीची आवराआवर करायला गेलो होतो. मशीन न्यायला माणूस येणार होता. हंसाबेन आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांना काही सांगायचं होतं. मग म्हणाल्या, शुक्रवारी संध्याकाळी, मी गॅलरीत फोनवर होतो तेव्हा, त्यांनी तुला विचारलं होतं, खरंच वासण्याला जाणार का?

तू म्हणालीस, "ना रे. पण मारा भाईने आजे ऊंघ आवशे." नाही गं, पण माझ्या भावाला आज झोप लागेल.

आणि त्या रात्री हंसाबेन पाणी प्यायला उठल्या तेव्हा समोर तुझ्या खोलीत दिवा होता. तू उशीवर ओणवी बसली होतीस. बुधवारी बसली होतीस तशीच, असं त्या म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून हाताने विचारलं, येऊ का, याला उठवू का? तू नको म्हणून हात हलवलास. मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरलेस आणि खाली, माझ्याकडे, बोट दाखवलंस.

मी हे नंदाला सांगितलेलं नाही. तुझ्याशी यावर भांडायचं आहे, अक्का, आणि कसं भांडायचं ते कळत नाही. उठवलं असतंस तर मी काय केलं असतं, असं तू विचारशील. दुसऱ्या दिवशी सकाळी केलं तेच सगळं, आणि तेवढंच. हे मला ठाऊक आहे. तरी उठवायला हवं होतंस. तुझ्यापासून हाताच्या अंतरावर होतो मी.

मला झोप लागली होती, अक्का. गाढ लागली होती. सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही.